एका बोर्डात दोन विजा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत वीजबिलावर बोलून झाले, जळालेल्या डीपीवर बोलून झाले, रात्रीच्या पाळीवर तर बोलावे तेवढे थोडेच. ती सगळी मीटरच्या पलीकडची वीज. ती कंपनीची आहे, तिच्याशी भांडता येते. आम्ही आता मीटरच्या अलीकडच्या विजेबद्दल बोलणार आहोत. घरात, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत जी वायर फिरते ती आपली. तिथे माणूस गेला तर भांडायलासुद्धा समोर कोणी नसते. आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसे विजेच्या धक्क्याने जातात. त्यातली सगळीच काही तुटलेल्या तारेखाली सापडत नाहीत.

विषय तुम्हाला बारीक वाटेल. विषय आहे एक्स्टेन्शन बोर्डाचा. त्यातही ज्या बोर्डावर मोबाईलची केबल सरळ खोचायची सोय असते त्या यूएसबीच्या बोर्डाचा. गावोगावच्या बैठकांना जातो तेव्हा प्रत्येक घरात आम्हाला हा बोर्ड दिसतो. त्याच्यावर टीव्ही चालतो, पोरांचा अभ्यासाचा फोन चार्ज होतो, दुपारी तोच बोर्ड अंगणात येतो आणि त्याच्यावर कडबाकुट्टी लागते. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. कोणी विचारत नाही की याच्या पोटात काय आहे.

आपण माल विकायला जातो तेव्हा काय होते ते आठवा. दूध डेअरीत घातले की साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागते. एक पॉइंट खाली गेला की भाव खाली. सोयाबीनमध्ये ओलावा बारा टक्क्यांवर गेला की काटा लावणारा नाक मुरडतो. कापसाचा ओलावा आठ टक्क्यांच्या पुढे सरकला की कपात सुरू. आपल्या मालाची प्रत दाण्यादाण्याने मोजली जाते. आणि आपण बाजारातून जे घरी आणतो, ज्याच्यावर लेकराचा जीव अवलंबून आहे, त्याची प्रत आपण रंगावरून ठरवतो. आजचे बोलणे एवढ्यासाठीच, की घेतानाही प्रत मोजायला शिका.

बोर्डाच्या पोटातली भिंत

समोर टेबलावर दोन बोर्ड उघडून ठेवले आहेत. बैठक संपली की जवळ येऊन पाहा. बाहेरून दोघे सारखे. तीन सॉकेट, एक लाल दिवा, दोन यूएसबी.

आता आत पाहू. सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज येते. हीच वीज माणूस मारते. यूएसबीच्या तोंडाशी ५ व्होल्ट असतात. दोन्ही तारांना ओल्या बोटाने हात लावला तरी काही होत नाही. नव्या, जलद चार्जिंगच्या बोर्डात २० व्होल्टपर्यंत जातात, तेही अंगाला धोक्याचे नाहीत. म्हणजे एकाच डबीत दोन विजा शेजारी राहतात. एक मारणारी, एक हातात धरण्याची. दोघींच्या मधे एक भिंत असते. बोर्डाची सगळी किंमत त्या भिंतीत आहे.

ही भिंत कशाची? एका छोट्या ट्रान्सफॉर्मरची. त्यात दोन गुंडाळ्या असतात. पहिल्या गुंडाळीत मोठी वीज, दुसरीत बारीक वीज. दोघींमध्ये तारेची जोड नसते, फक्त चुंबकाचा खेळ असतो. चांगल्या बोर्डात या गुंडाळ्यांच्या मधे टेपचे थर असतात, किंवा दुसऱ्या गुंडाळीच्या तारेलाच तीन पदरी आवरण असते. खालच्या पट्टीवर मोठ्या विजेची बाजू आणि बारीक विजेची बाजू यांच्यात मोकळी जागा सोडलेली असते. मानक सांगते, घरातल्या स्वच्छ कोरड्या जागेसाठी ही वाट पृष्ठभागावरून मोजली तर साधारण पाच मिलिमीटर हवी आणि हवेतून चार. पुष्कळदा पट्टीला तिथे चीरच पाडलेली असते, म्हणजे धूळ आणि ओल यांना पूल बांधता येऊ नये.

दुसरा बोर्ड पाहा. या पट्टीवर मोठ्या विजेचा डाग आणि बारीक विजेचा डाग यांच्यात एक मिलिमीटरसुद्धा अंतर नाही. ट्रान्सफॉर्मरवर टेपचा एक वेढा आहे, तोही सुटलेला. फ्यूज नाही. हा बोर्ड आज चालतो, उद्याही चालेल. ज्या दिवशी पावसाळी हवेत त्या एका मिलिमीटरवर ओल बसेल त्या दिवशी २३० व्होल्ट केबलमधून फोनपर्यंत येतील. फोन तेव्हा कोणाच्या तरी हातात असेल, कानाला असेल.

यूएसबीच्या तोंडात साधारण चार पत्रे दिसतात. दोन विजेचे, दोन माहितीचे. चार्जिंगपुरत्या बोर्डात माहितीचे दोन पत्रे माहिती नेत नाहीत. ते आपसात जोडलेले असतात, त्यावरून फोनला कळते की समोर चार्जर आहे. पण काही बोर्डांवर टेलिफोनची, इंटरनेटची किंवा टीव्हीच्या केबलची खाचही दिलेली असते. वीज कडाडली तर लाट अडवतो असे त्यावर छापलेले असते. ती लाट अडवणारा भाग ती लाट अर्थिंगमध्ये सोडतो. तुमच्या घरी अर्थिंग नसेल तर तो ती कुठे सोडणार? मग लाट बोर्डातल्या बोर्डात वाट शोधते आणि विजेच्या तारेतून माहितीच्या तारेत शिरते. अर्थिंग नसलेल्या घरात असा बोर्ड राखण करत नाही, उलट चोराला दुसरे दार दाखवतो.

झिणझिण्या आणि झटका

मायबहिणी विचारतात, चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावला की झिणझिण्या येतात, ते काय आहे?

त्याचा हिशेब सांगतो. त्या भिंतीवरून एक छोटा कपॅसिटर मुद्दाम टाकलेला असतो. रेडिओत खरखर येऊ नये, टचस्क्रीनने वेडेवाकडे वागू नये म्हणून तो लागतो. तो साधारण २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून ०.१६ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जातो. मानकाने हातात धरायच्या वस्तूला ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. तेवढ्याने फार तर मुंगी चालल्यासारखे वाटते, जीव जात नाही. जीव वाचवणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटते, त्याच्याशी तुलना करा म्हणजे अंतर कळेल.

पण हा कपॅसिटर साधा चालत नाही. त्याचा खास प्रकार असतो, त्याला वाय प्रकार म्हणतात. तो खराब झाला तर आतून तुटावा, जोडला जाऊ नये, अशी त्याची बांधणी असते. दोन रुपये वाचवायला तिथे साधा कपॅसिटर बसवला आणि तो आतून जोडला गेला, तर भिंतीला भगदाड पडले. म्हणून मंद झिणझिणी आणि झटका यात फरक करा. बोट मागे ओढावे लागले, हात आखडला, तर तो बोर्ड त्याच क्षणी बंद. आधी भिंतीवरचे बटण बंद करायचे, मग पिन काढायची. फोनला हात लावायचा तो त्यानंतर.

टेस्टर लावून निकाल देऊ नका. चांगल्या बोर्डाच्या यूएसबीवरही टेस्टर मंद पेटू शकतो, कारण त्याला फार थोडा प्रवाह पुरतो. आणि भिंत आज शाबूत आहे एवढ्यावरून ती पावसाळ्यात टिकेल असे होत नाही. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर असेल तर बोर्ड भिंतीवरून काढून, पिनेचे फेज-न्यूट्रल एकत्र करून ते आणि यूएसबीचे पत्रे यांच्यात माप घ्यायला सांगा. काटा शून्याकडे झुकला तर बोर्ड मोडीत. कारखान्यात नमुना तपासताना तर या भिंतीवर तीन हजार व्होल्ट एक मिनिट लावून पाहतात. हातगाडीवरच्या बोर्डाला ते तीन हजार व्होल्ट कधी दिसलेलेच नसतात.

आपली वीज वेगळी आहे

कोणी म्हणेल, शहरात हेच बोर्ड चालतात, तिथे काही होत नाही. शहरातली वीज आणि आपली वीज यात फरक आहे. कागदावर २३० व्होल्ट, सहा टक्के वर किंवा खाली. म्हणजे २१६ ते २४४. आपल्याकडे संध्याकाळी दिवा लाल होतो आणि मध्यरात्री, सगळ्यांच्या मोटारी बंद झाल्या की, डोळे दिपतात. डीपीजवळ न्यूट्रल तुटला तर घरातल्या एका फेजवर दोन फेजमधले व्होल्टेज चढू शकते. ते ४०० च्या घरात असते.

बोर्डातल्या यूएसबीच्या चार्जरमध्ये पहिला कपॅसिटर साधारण ४०० व्होल्टचा असतो. विजेची लाट २३० ची असली तरी तिचा शेंडा ३२५ पर्यंत जातो. २८३ व्होल्ट झाले की शेंडा ४०० ला टेकतो. त्याच्या पुढे कपॅसिटर फुगतो, फुटतो. चांगल्या चार्जरमध्ये तोंडाशी फ्यूज असतो, तो तुटतो आणि विषय संपतो. फ्यूज नसलेल्या बोर्डात ठिणगी प्लास्टिकला लागते. प्लास्टिक विझणारे असेल तर विझते, भंगारातले असेल तर पेटते. आणि आपण बोर्ड कुठे ठेवलेला असतो? गादीखाली, कडब्याच्या गंजीशेजारी, रिकाम्या खताच्या पोत्यांवर.

आणखी एक. पुष्कळ बोर्डांत सॉकेटची बटणे बंद केली तरी यूएसबीचा चार्जर चालूच राहतो. मोबाईल काढून घेतला तरी आतली मोठी वीज जागीच असते. चोवीस तास, बारा महिने.

गोठ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाच मिलिमीटरचे माप घरातल्या कोरड्या खोलीसाठी आहे, असे मघाशी म्हणालो. जिथे धूळ आहे आणि ती ओली होते तिथे मानक तेच अंतर आठ मिलिमीटर मागते. गोठ्यात कडब्याची धूळ, शेणामुताची वाफ, धुण्याचे पाणी. तिथे घरातला उत्तम बोर्डसुद्धा नापास. शिवाय गुराच्या अंगाला आणि पायाला ओल असते. जिथे माणसाला झिणझिणी येते तिथे म्हैस कोसळू शकते. गोठ्यात यूएसबीचा बोर्ड नकोच.

मोटारीच्या खोलीत तर आम्ही याहून वाईट पाहिले आहे. तिथे न्यूट्रल नसतो. रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसाला फोन चार्ज करायचा असतो. मग स्टार्टरमधून एक फेज घेतात, दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या गजाला बांधतात आणि त्यावर बोर्ड लावतात. दिवा लागतो, फोन चार्ज होतो. पण तो गज आणि त्याच्या भोवतालची ओली जमीन आता विजेच्या वाटेत आली. गजाची जमिनीतली जोड सुटली की गजावर पुरी फेज उभी राहते. त्याला हात लागला, तर माणूस त्या तारेच्या जागी उभा राहतो. हे करू नका. रात्रीच्या पाळीसाठी घरून चार्ज केलेली पॉवर बँक न्या. तिच्यात मारणारी वीज नसतेच.

वायरीचा हिशेब

बोर्डाची दुसरी बाजू वायर. कडबाकुट्टीची दोन एचपीची सिंगल फेज मोटार चालू असताना दहा-अकरा अँपिअर घेते, सुरू होताना पाच-सहा पट. आपला नेहमीचा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. त्याची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची, तीही खरोखर तेवढी आणि खरोखर तांब्याची असेल तर. वीस मीटर वायरीत जाऊन-येऊन साधारण ०.९३ ओहम विरोध होतो. अकरा अँपिअरला त्या वायरीत शंभराच्या वर वॅट नुसती उष्णता होते. जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी. वायर पसरलेली असेल तर हवा ती नेते. गुंडाळी करून ठेवली असेल तर ती आपल्याच उष्णतेत शिजते. मोटार सुरू होताना त्याच वायरीत पन्नास व्होल्ट गळतात. मोटार वेग धरत नाही, जास्त करंट ओढत राहते आणि वायर आणखी तापते.

मीटरपेटीतली एमसीबी हे अडवत नाही का? १६ किंवा ३२ अँपिअरची एमसीबी अकरा अँपिअरला तुटणार नाही. तिच्या लेखी सगळे ठीक चालले आहे. ती घरातल्या वायरिंगची राखण करते, बोर्डाच्या बारीक वायरीची नाही. म्हणून मोटार, शेगडी, पाण्याचा हीटर यांना बोर्ड नको, भिंतीवर १६ अँपिअरचे सॉकेट घ्या. बोर्ड लागलाच तर तो १६ अँपिअरचा, तीन पदरी, किमान दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा हवा. तीन पदरी हा शब्द लक्षात ठेवा. जाड तिसरी पिन आहे आणि तिला आत तारच जोडलेली नाही, असे बोर्डही मिळतात. ती पिन शोभेची.

आणि ते एकच सॉकेट ज्यात जगातली कोणतीही पिन बसते, ते घेऊ नका. भारतीय मानकात ६ आणि १६ अँपिअरच्या पिनांचे आकार आणि मापे ठरलेली आहेत. सगळ्या पिना घेणारे सॉकेट त्या मापांत बसत नाही. त्यात कोणतीच पिन घट्ट बसत नाही, आणि सैल पिन म्हणजे ठिणगी.

शिक्का कशावर आहे ते पाहा

आता शिक्क्याकडे येऊ. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. जुन्या संस्थेच्या नावावरून शिक्क्याला आपण अजून आयएसआय म्हणतो. फसवणूक इथेच होते. बोर्डाच्या वायरीवर दर हातभर अंतरावर आयएस ६९४ असे छापलेले असते, गिऱ्हाईक ते पाहून समाधानी होते. आयएस ६९४ हे वायरीचे मानक आहे. तो शिक्का वायरीपुरता. सॉकेट आणि पिन यांचे मानक आयएस १२९३. आणि यूएसबीच्या चार्जरची बाजू ही तिसरीच. त्या भिंतीची कसोटी आयएस १३२५२ भाग १ या मानकात होती, आता तिची जागा आयएस/आयईसी ६२३६८ भाग १ घेत आहे. एका बैलाची पावती दाखवून जोडी विकावी, तसे हे झाले.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला. २०१४ मध्ये यादी वाढली तेव्हा पॉवर अडॅप्टर, मोबाईल फोन आणि पॉवर बँक तिच्यात आले. म्हणजे फोनच्या सुट्या चार्जरवर आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तोच चार्जर बोर्डाच्या पोटात गेला म्हणून त्यातली वीज काही गाईसारखी गरीब होत नाही. उलट तिथे तो मोठ्या सॉकेटच्या उष्णतेत बसतो, हवा कमी, जागा कमी. हे जगभरच्या तंत्रज्ञांनाही उमगले. सॉकेटच्या जागतिक मानकात यूएसबी बसवलेल्या सॉकेटसाठी स्वतंत्र भाग निघाला, आयईसी ६०८८४ भाग ३-१, साल २०२१. त्याचे सांगणे साध्या भाषेत असे, की दोन चांगल्या वस्तू एका डबीत कोंबल्या म्हणजे तिसरी चांगली वस्तू होते असे समजू नका. पुऱ्या डबीची तपासणी करा.

म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारायचे. पहिला, सॉकेटच्या बाजूचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक कुठे आहे? दुसरा, यूएसबीच्या बाजूचा पुरावा कुठे आहे? बीआयएस केअर नावाचे ॲप फोनवर फुकट मिळते. त्यात सीएम/एल क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, पत्ता कुठला, माल कोणता, आणि परवाना चालू आहे की संपला, ते दिसते. आर क्रमांकही तिथेच पडताळता येतो. नाव एक आणि बोर्डावर छाप दुसराच, असे निघाले तर बोर्ड परत करा. त्याच ॲपवर तक्रारही करता येते. सीई अशी इंग्रजी अक्षरे पाहून भुलू नका. युरोपात पुष्कळ मालावर ती बनवणारा स्वतःच लावतो, आणि आपल्याकडे ती आयएसआयच्या जागी चालत नाहीत.

आपणच सरकारी तपासणी कशी मागतो?

आता एक अवघड प्रश्न. आपण सदान्‌कदा म्हणतो, शेतमालाच्या बाजारातून सरकारने हात काढावा, परवान्यांचे जंजाळ नको. मग बोर्डाला शिक्का हवा असे कोणत्या तोंडाने म्हणतो?

यात विसंगती नाही, आणि का नाही ते समजून घेतले पाहिजे. बाजार मोकळा असावा म्हणजे काटा मारायची मोकळीक असावी असे नव्हे. जो माल डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो, चाखता येतो, त्याचा भाव गिऱ्हाईक आणि विकणारा ठरवतील. ज्वारी दाताखाली चावून पाहता येते. बोर्डातली भिंत चावून पाहता येत नाही. ती बंद डबीत आहे, ती बिघडल्याचे कळते तेव्हा वेळ गेलेली असते. तिथे प्रमाणित मापाची गरज असते, जशी वजनाच्या दगडाला असते. किती बोर्ड कोणी बनवायचे, कोणत्या भावाला विकायचे, हे सरकारने ठरवू नये. पण डबीवर जे लिहिले आहे ते डबीत असावे, एवढे तर हवेच.

दुसरी बाजूही आहे. तालुक्याच्या गावी आपलीच पोरे बोर्ड जोडून विकतात. तपासणीचा खर्च त्यांना झेपत नाही, आणि मोठ्या कंपन्या शिक्क्याच्या आड त्यांना बाजारातून हाकलतील, हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर आहे. त्या पोरांनी शिक्क्याची सॉकेट, शिक्क्याची वायर, शिक्क्याची पिन घेऊन नीट अर्थिंगची तार जोडून साधा बोर्ड बांधावा. यूएसबीची सुटी पट्टी घेऊन त्यात ठोकू नये. बंद डबीत चार्जर बसवायचा आणि तो सुरक्षित आहे असे सांगायचे, हे प्रयोगशाळेशिवाय होणारे काम नाही. आणि सरकारला आपले मागणे हे, की लहान कारागिराला परवडेल अशी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी द्या. तपासणी महाग ठेवायची आणि बाजारात विना-शिक्क्याचा माल वाहू द्यायचा, यात प्रामाणिक कारागीर आणि गिऱ्हाईक दोघेही मरतात.

भावाचे म्हणाल तर स्वस्तातला सुरक्षित मार्ग आहे आणि तो आम्ही सांगून ठेवतो. यूएसबीचा बोर्ड घेऊच नका. शिक्क्याचा साधा बोर्ड घ्या आणि त्यात फोनचा नोंदणी असलेला सुटा चार्जर लावा. भिंत त्या चार्जरमध्ये असते. चार्जर बिघडला तर तेवढाच फेकायचा, बोर्ड राहतो. काम झाले की चार्जर काढून ठेवता येतो, रात्रभर वीज खात आणि तापत राहत नाही. आणि आर क्रमांक डोळ्यांसमोर असतो, पोटात लपत नाही.

गावी जाऊन काय करायचे

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी आपापला बोर्ड पाहा. पिनेजवळ प्लास्टिक तपकिरी झाले आहे का, वास येतो का, यूएसबीचे तोंड हलते का, वायर पिनेपाशी सोलली आहे का. यातले काहीही असेल तर बोर्ड दुरुस्त करू नका, तोडून टाका. नाही तर तो भंगारातून पुन्हा कोणाच्या तरी घरी जाईल.

दुसरे, अर्थिंग. घरात अर्थिंग नसेल तर तीन पिनांचा बोर्ड दोन पिनांचाच. अर्थिंग करून घ्या आणि मीटरपेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. फोनमधून वीज अंगात शिरून जमिनीत जायला लागली तर आरसीसीबी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात तोडते. तिच्यावर चाचणीचे बटण असते, महिन्यातून एकदा दाबून पाहा. ती असली म्हणून खराब बोर्ड वापरायचा नाही, कारण फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागला तर तिलाही कळत नाही.

तिसरे, चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नका, उशाखाली ठेवू नका, ओल्या हाताने उचलू नका. पोरांना हे रागावून सांगू नका, ही भिंत दाखवून सांगा. पोरे समजतात.

चौथे, पावती घ्या. पावतीवर बोर्डाचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा आणि काही बाबतीत विकणाराही भरपाईला बांधील आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५. पण पावती नसेल तर तुम्ही कोणाकडून काय घेतले हे सिद्ध करणार कसे? आणि विजेचा अपघात झालाच तर विद्युत निरीक्षक येऊन पाहीपर्यंत जळालेला बोर्ड फेकू नका. तोच साक्षीदार असतो.

पाचवे काम संघटनेचे. प्रत्येक गावातून दोन तरुण आणि दोन महिला निवडा. बाजाराच्या दिवशी त्यांनी दुकानात उभे राहून क्रमांक पडताळून दाखवायचे. भांडण नको, दुकानाची मोडतोड तर नकोच. दुकानदारही आपल्यातलाच, त्यालाही घाऊक बाजारात जे मिळते ते तो आणतो. शंभर गिऱ्हाइकांनी एकाच आठवड्यात तोच प्रश्न विचारला की पुढच्या खेपेला तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल. हातात घेऊन परत ठेवलेला माल दुकानदाराला कोणत्याही मोर्चाहून जास्त बोलतो.

डेअरीवाला आपल्या दुधात नळी बुडवल्याशिवाय ते घेत नाही, त्यात आपल्याला अपमान वाटत नाही. मग दोनशे रुपये मोजताना क्रमांक विचारायला आपण का लाजतो? पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या बाजारातला एक-एक बोर्ड आणि त्याची पावती घेऊन यावी. इथेच टेबलावर उघडून पाहू. कोणत्या गावच्या बाजारात काय विकले जाते त्याची यादी आपण याच पत्रकात छापू, आणि मानक ब्यूरोकडे तक्रार पाठवायची ती त्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घेऊनच पाठवू.